किराया तोंडी, कर्ज कागदी

यवतमाळात प्लॉट विकणाऱ्यांचं एक वाक्य पाठ आहे. "जेवढा किराया भरता, तेवढ्यात स्वतःच्या घराचा हप्ता भरला जातो." आर्णी रोडला जा, दारव्हा रोडला जा, पांढरकवडा रोडला जा, कुठल्याही नव्या ले-आऊटवर हेच ऐकायला मिळतं. हे वाक्य खोटं आहे. बोलणाऱ्याच्या खिशात मोबाइल असतो आणि मोबाइलमध्ये हप्ता काढायची सोय असते, तरीही तो ते बोलतो, म्हणून त्याला चूक म्हणता येत नाही.

समजा, नवरा कृषी केंद्रात काउंटरवर आहे आणि बायको खासगी दवाखान्यात नर्स. दोघांचे मिळून महिन्याला ३० हजार. दोन खोल्या आणि किचन, किराया ६ हजार. मनात भरलेलं घर २५ लाखांचं. बँकेनं नियमात बसतं तेवढं, म्हणजे ९० टक्के कर्ज दिलं असं धरू. साडेबावीस लाख, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षांची मुदत. हप्ता येतो १९,५२६ रुपये, म्हणजे किरायाच्या तिपटीहून जास्त. तीस हजारांच्या घरात तो बसत नाही. बँकेला ते पहिल्या नजरेत कळतं आणि फाइल पहिल्याच टेबलावर थांबते. 'तेवढ्यात' हा शब्द आला कुठून, हे प्लॉटवाल्याला तोंडावर विचारायला हवं.

दुसरं पाठांतर घरातलं. किराया म्हणजे पाण्यात पैसा. काका म्हणतात, सासरे म्हणतात, मायेनंच म्हणतात. पण तेही मोजून पाहू. ६ हजारांचा किराया दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत गेला, तर वीस वर्षांत एकूण २३ लाख ८० हजार रुपये जातात. वरच्या कर्जावर त्याच वीस वर्षांत नुसतं व्याज जातं २४ लाख ३६ हजार. किराया पाण्यात गेला असं म्हणायचं असेल, तर हे व्याजही त्याच पाण्यात गेलं. वर घरटॅक्स, गळती, रंगरंगोटी मालकाच्या डोक्यावर.

फरक आहे आणि तो मोठा आहे. वीस वर्षांनी कर्जदाराचा हप्ता संपतो आणि घर उरतं. किरायेदाराचा किराया विसाव्या वर्षी १५ हजारांवर गेलेला असतो, एकविसाव्या वर्षी तो आणखी वाढतो, आणि पगार थांबल्यावरही तो थांबत नाही. म्हणून आपलं घर असावं ही ओढ खरी आहे, रास्त आहे. पण किरायानं राहणारा माणूस उधळ्या आहे, त्याला व्यवहार कळत नाही, हा टोमणा आता बंद झाला पाहिजे. त्याचं नुकसान किरायाच्या रकमेत फारसं नाही. ते दुसरीकडे होतं, आणि तिकडे कोणी बोट दाखवत नाही.

पुण्या-मुंबईचे सल्लागार तिसरीच गोष्ट सांगतात. किरायानंच राहा, हप्ता आणि किराया यातला फरक दरमहा गुंतवा, श्रीमंत व्हाल. ज्याला दीड लाख पगार आहे त्याला हे सांगणं ठीक. आपल्या जोडप्याच्या हातात तो साडेतेरा हजारांचा फरक कधी येतच नाही. पोराची फी, गाडीचा हप्ता, गावाकडे आईच्या गोळ्या, कापसाचे पैसे अडकले की भावाला बियाण्यासाठी मदत, सावंगी मेघेच्या दवाखान्याची एखादी खेप. एवढं करून महिन्याला ३ हजार बाजूला पडले तर तो संसार काटकसरीचाच म्हणायचा.

याच ३ हजारांवरून खरं नुकसान दिसतं.

२५ लाखांच्या घरासाठी आज हातात किती पैसे लागतात? १० टक्के स्वतःचे, म्हणजे अडीच लाख. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, बँकेची फी मिळून सात टक्के धरा, म्हणजे पावणेदोन लाख. हा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही. तशी मुभा आहे ती १० लाखांपर्यंतच्या घरांना, आणि १० लाखांत शहरात काय मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे लागतात सव्वाचार लाख. आपलं जोडपं महिन्याला ३ हजारांची आरडी बारा वर्षं, एकही महिना न चुकवता भरतं. साडेसहा टक्क्यांनी जमतात सुमारे साडेसहा लाख.

दरम्यान घर जागेवर बसलेलं नसतं. किंमत वर्षाला ६ टक्क्यांनी वाढली तर बारा वर्षांत दुप्पट होते. ५० लाख. आणि इथे रिझर्व्ह बँकेचा नियम आडवा येतो. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के कर्ज देता येतं. कर्ज त्याच्या पुढे गेलं की ७५ लाखांपर्यंत ८० टक्केच. म्हणजे आता स्वतःचे १० टक्के पुरत नाहीत, २० लागतात. १० लाख ते, वर साडेतीन लाख खर्चाचे. साडेतेरा लाख हवेत आणि जमलेत साडेसहा. बारा वर्षांपूर्वी सव्वाचार लाख कमी पडत होते, आज सात लाख कमी पडतात. बारा वर्षं काटकसर करून माणूस घरापासून आणखी लांब गेला.

६ टक्के जास्त वाटत असतील तर ३ धरा. घर पस्तीस लाखांच्या पुढे जातं आणि हातात आठ लाख लागतात. तरीही दीड लाख कमी.

ही ३० लाखांची रेघ ऑक्टोबर २०१५ मध्ये ओढली गेली. त्याआधी ती २० लाखांवर होती. दहा वर्षं उलटली, सिमेंट वाढलं, सळाख वाढली, रेतीचा ब्रास कुठल्या कुठे गेला, मिस्त्रीची रोजी वाढली, जागेचा चौरस फूट वाढला. रेघ हलली नाही. पतधोरण समिती दर दोन महिन्यांनी बसते, पाव टक्क्यावर देशभर चर्चा झडते. मे २०२० मध्ये रेपो ४ टक्क्यांवर होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहावर गेला, २०२५ मध्ये पुन्हा उतरू लागला, हे सगळं टीव्हीवर येतं. ही रेघ मात्र चर्चेत नसते, कारण ती ज्यांना आडवी येते त्यांच्या बाजूनं बोलणारा कोणी स्टुडिओत बसलेला नसतो. पहिलं घर घेणाऱ्यासाठी ती रेघ पुढे सरकवा. ही मागणी यवतमाळच्या खासदारांनी संसदेत करावी, तिला एक रुपयाही खर्च नाही.

उशिराची आणखी एक किंमत वयाची. पगारदाराचं कर्ज साधारण साठीपर्यंत फिटावं असं बँक पाहते. तिसाव्या वर्षी २० लाख घेतले तर तीस वर्षांची मुदत मिळते आणि हप्ता १५,३७८ रुपये बसतो. पंचेचाळिसाव्या वर्षी तेच २० लाख घेतले तर मुदत पंधरा वर्षांची, हप्ता १९,६९५. तीच रक्कम, तेच व्याज. पण महिन्याला सव्वाचार हजार जास्त, आणि तेही पोरगं बारावीत असताना, नांदेड-लातूरच्या क्लासची फी भरायच्या दिवसांत.

बरं, जमवायचं तरी कुठे? यवतमाळकरांना हे सांगावं लागत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं इथल्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेवर निर्बंध आणले आणि खातेदाराला जेमतेम ५ हजार रुपये काढता येऊ लागले. पुढच्या वर्षी बँकेचा परवानाच रद्द झाला. ठेव विमा आहे, ५ लाखांपर्यंतचं संरक्षण २०२० पासून आहे. पण विम्याचे पैसे हातात येईपर्यंत घराचा सौदा थांबत नाही. इसार दिलेला असेल आणि उरलेली रक्कम मुदतीत दिली नाही, तर इसार जातो. त्या दिवसांत ज्यांचा व्यवहार ठरलेला असेल त्यांचं काय झालं असेल, याचा हिशेब कुठल्याही अहवालात सापडायचा नाही.

आता किरायाच्या घरात जाऊ, कारण काही पैसे किरायाच्या नावानं जातच नाहीत.

विजेचा मीटर बघा. खाली मालक, वर तीन किरायेदार, महावितरणचा मीटर एकच, बाकी सबमीटर. प्रत्येक किरायेदार महिन्याला ८० युनिट जाळतो. स्वतःचा मीटर असता तर तो पहिल्या शंभर युनिटांच्या स्वस्त टप्प्यात राहिला असता. पण बिल एकत्र येतं. तिघांचे २४०, मालकाचे दीडशे, झाले ३९०. बिल शंभराचा टप्पा ओलांडतं, तीनशेचाही ओलांडतं, आणि वरच्या टप्प्यात युनिटचा दर पहिल्या टप्प्याच्या कितीतरी पट असतो. मग मालक सगळ्यांना सरसकट एक दर लावतो, दहा रुपये, कुठे बारा. तो लुबाडतोच असं नाही, त्यालाही बिल भरायचं असतं. पण ८० युनिट जाळणारा नर्सचा संसार चारशे युनिट जाळणाऱ्या बंगल्याच्या दरानं वीज घेतो. दर महिन्याला, वर्षानुवर्षं. प्रत्येक किरायेदाराला वेगळं कनेक्शन घेऊ द्या, मालकाची एक ना-हरकत लागते. ती मिळत नाही, कारण वेगळ्या मीटरचं बिल म्हणजे त्या पत्त्यावर राहत असल्याचा पुरावा.

पाण्याचंही तेच. २०१८ च्या उन्हाळ्याआधीच निळोणा आणि चापडोह आटले आणि शहरात पंधरा-पंधरा दिवस नळ आला नाही. घरमालकानं बोअर खोल केली, त्याची मालमत्ता वाढली. किरायेदारानं टँकरची वर्गणी दिली, तिचं काहीच उरलं नाही.

आणि ही घरं कोणाला मिळतात? फोनवर खोली रिकामी असते. भेटायला गेलं की आधी आडनाव विचारतात. मग मटण शिजवता का. मग मूळ गाव कोणतं, आणि गावात घर कुठल्या बाजूला. यवतमाळात, पुसदला, वणीला, उमरखेडला शिकले-सवरलेले, देवाधर्माचे लोक हे प्रश्न विचारतात आणि त्यांना त्यात काहीच वावगं वाटत नाही. दलित कुटुंबाला, मुसलमान कुटुंबाला, पारध्याच्या शिकलेल्या पोराला मनाजोगत्या वस्तीत घर मिळत नाही. मग ते लांब राहतात, जास्त किराया देतात, पेट्रोल जाळतात. त्यांची बचत आमच्यापेक्षा कमी होते ती या प्रश्नांमुळे. हे विचारणाऱ्यांनी स्वतःला एकदा विचारावं, आपण कोणाच्या घराचे पैसे खाल्ले.

पण माझं मुख्य भांडण कागदाशी आहे.

दर महिन्याच्या पाच तारखेला किरायेदार जिना उतरतो, मालकाच्या हातात नोटा देतो. मालक मोजतो, आत जाऊन वहीत लिहितो. कधी किरायेदाराचीही छोटी वही असते, तिच्यावर मालक नुसती तारीख टाकतो, सही करत नाही. करार नसतो. असला तर अकरा महिन्यांचा, स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला, नोंदणी न केलेला. किरायेदाराचं आधार मालक घेतो, फोटो घेतो, पोलीस ठाण्यात माहिती देतो. किरायेदाराला मात्र मालकाच्या सहीचा कपटाही मिळत नाही.

बारा वर्षं असा किराया दिलेला माणूस बँकेत जातो. टेबलावरची यादी ठरलेली असते. पगारपत्रक, फॉर्म १६, आयटीआर, खात्याचा उतारा, सिबिल. कृषी केंद्राचा मालक पगार रोखीनं देतो, पगारपत्रक नाही. किराया रोखीनं गेला, उताऱ्यात नाही. सिबिलमध्ये मोबाइलच्या हप्त्याचा एक चुकलेला महिना दिसतो, वर्षानुवर्षं न चुकता दिलेला किराया दिसत नाही. हा माणूस दर महिन्याला ठरल्या तारखेला पैसे देतो याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे त्याचा किराया. दुसरं काही त्यानं इतक्या नेमानं कधीच भरलेलं नसतं. आणि नेमका तोच कुठे लिहिलेला नाही. बँकेच्या लेखी तो आजच जन्माला आला. मग व्याज वाढवून देणारी खासगी फायनान्स कंपनी त्याला गाठते, किंवा कर्जच मिळत नाही.

किरायाची दीर्घकाळची किंमत म्हणतात ती माझ्या मते हीच आहे. पैसा जातो त्याचं एवढं दुःख नाही, भरल्याची साक्षही त्याच्याबरोबर जाते.

कायदा याच्या उलट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. कलम ५५ म्हणतं, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. लेखी करार नसेल आणि वाद झाला, तर ज्या अटींवर घर घेतलं असं किरायेदार सांगेल त्या खऱ्या धरायच्या, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. 'अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही' असं जे अर्जनवीस छातीठोक सांगतात ते देशाच्या नोंदणी कायद्याचं अर्धं वाक्य सांगतात. महाराष्ट्रात अकरा महिन्यांच्या करारालाही नोंदणी लागते. कलम २६ प्रमाणे पावती देणंही मालकावर बंधनकारक आहे.

तरी मालक का टाळतात? सगळेच लबाड आहेत असं मी म्हणणार नाही. यवतमाळातला घरमालक म्हणजे बऱ्याचदा निवृत्त मास्तर, एसटीचा कंडक्टर, नाहीतर विधवा बाई. ग्रॅच्युइटी आणि फंडातून वरचा मजला बांधला, त्याचा किराया हीच पेन्शन. ईपीएस ९५ ची किमान पेन्शन १,००० रुपये आहे, त्यात महिन्याचा किराणाही येत नाही. अशा माणसाला भीती वाटते की कागद केला की किरायेदार घर बळकावेल. ही भीती हवेतून आलेली नाही. विदर्भात १९९९ च्या कायद्याआधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश चालायचा. त्यात किरायेदाराला घर सोडायची नोटीस द्यायची तरी आधी भाडे नियंत्रकाची परवानगी लागायची, आणि प्रकरणं वर्षानुवर्षं चालायची. बापाच्या काळात कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या मालकाचा मुलगा आजही तोच कायदा डोक्यात धरून बसला आहे.

तो आदेश गेला. आज नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स करार मालकालाच जास्त सांभाळतो. मुदत संपून किरायेदार हलला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट दरानं भरपाई मागता येते. कच्च्या स्टॅम्पवर यातलं काहीच मिळत नाही. खर्च किती? ६ हजार किराया, अकरा महिने, एकूण ६६ हजार. मुद्रांक शुल्क पाव टक्का, १६५ रुपये. अनामत रकमेमुळे त्यात थोडी भर पडते. नगरपरिषद हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या ऑनलाइन नोंदणी होते. दीडेक हजारांत काम होतं, दोघांनी वाटून घेतले तर साडेसातशे. घर बदलताना छोटा हत्ती गाडीला याहून जास्त पैसे मोजतो आपण.

कागद नसल्याचा फटका सरकारी योजनेतही बसतो. पंतप्रधान आवास योजना शहरी, २५ जून २०१५ ला सुरू झाली, २०२२ पर्यंत सर्वांना घर हा नारा होता. स्वतःचा प्लॉट असलेल्याला अडीच लाखांचं अनुदान मिळालं, आणि ज्याच्याकडे प्लॉट होता त्याचं भलं झालं, त्याबद्दल आनंदच आहे. किरायेदाराकडे प्लॉट नसतो, म्हणून तर तो किरायेदार. त्याच्यासाठी व्याजाची सवलत होती, २ लाख ६७ हजारांपर्यंत. ती घ्यायला आधी बँकेचं कर्ज मंजूर व्हावं लागे, म्हणजे पुन्हा तीच यादी, तेच टेबल. गरीब गटासाठीही ती ३१ मार्च २०२२ ला बंद झाली. सप्टेंबर २०२४ पासून योजनेचा दुसरा टप्पा आला. आता पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के सवलत, पाच वर्षांत मिळून जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. घर ३५ लाखांच्या आतलं, कर्ज २५ लाखांच्या आत, उत्पन्न ९ लाखांच्या आत. आपलं जोडपं यात बसतं. त्यांनी चौकशी करावी, आजच करावी.

एक अट मात्र नीट वाचा. देशात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नको. घाटंजी, झरी-जामणी, महागावच्या एखाद्या गावात वडील गेल्यावर ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर भावांची नावं चढतात. पडकं का होईना, विटांचं घर कागदावर पक्कं ठरतं. पोरगा यवतमाळात किरायानं राहतो, गावच्या त्या घरात त्याच्या वाट्याला अर्धी खोली येते, आणि अर्जात मात्र तो घरमालक ठरतो. बँक त्याच गावठाणातल्या अर्ध्या खोलीवर एक रुपया देत नाही. सरकारला ते घर दिसतं, बँकेला दिसत नाही. हा अन्याय दुरुस्त करायला नवा कायदा लागत नाही. वाट्याला येणाऱ्या चौरस फुटांची मर्यादा घालणारी एक ओळ मार्गदर्शक सूचनांत टाकली तरी पुरे.

बँकेनं नाकारलेला माणूस मग कुठे जातो? हप्त्यावरच्या प्लॉटकडे. शहराला लागून एखाद्या शेतात दगड रोवलेले असतात, एनए नाही, मंजूर नकाशा नाही, हातात फक्त सौदाचिठ्ठी आणि हप्त्यांचं कार्ड. इथे मात्र कार्डावर सह्या असतात, याची नोंद घरमालकांनी घ्यावी. पाच वर्षांनी हप्ते संपतात आणि खरेदीखत लागत नाही, कारण तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा. गुंठेवारी नियमित करायचा कायदा २००१ मध्ये झाला, २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटपर्यंत वाढवली, २०२५ मध्ये सरकारनं तुकडेबंदीच सैल केली. दर काही वर्षांनी सूट येते, तोवर माणूस त्या प्लॉटवर बांधायला बँकेचं कर्ज काढू शकत नाही, आणि किराया चालूच राहतो. ५०० चौरस मीटरच्या वरच्या ले-आऊटला महारेराची नोंदणी लागते. ती आहे का, एवढा एक प्रश्न विचारला की बरेच दलाल फोन ठेवतात.

२० मे २०२५ ला राज्य मंत्रिमंडळानं नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं, 'माझे घर, माझे अधिकार'. २०३० पर्यंत ३५ लाख घरं. त्यात भाड्यानं द्यायच्या घरांचाही विचार आहे, नोकरदार महिला, विद्यार्थी, कामगार यांच्यासाठी. यवतमाळ म्हाडाच्या अमरावती मंडळात येतं. या ३५ लाखांत यवतमाळ, वणी, पुसदच्या वाट्याला किती, त्यातली किरायाची किती, हा आकडा पालकमंत्र्यांनी जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत सांगावा. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत काम करणाऱ्यांना, मुकुटबनच्या सिमेंट कारखान्यात आलेल्यांना, मेडिकल कॉलेजच्या कंत्राटी नर्सना तो ऐकायचा आहे.

तोवर किरायेदारांनी एक करायचं. पुढच्या पाच तारखेला नोटा द्यायच्या नाहीत. फोनवरून मालकाच्या खात्यात टाकायचा किराया, शेऱ्यात महिना आणि 'घरकिराया' लिहायचं. मालक म्हणेल, रोख दे, टॅक्सची भानगड नको. त्याला शांतपणे सांगायचं की सगळे धरून वर्षाचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असेल तर टॅक्स लागतच नाही, आणि तुमच्या दोन खोल्यांचा किराया वर्षाला ७२ हजार होतो. हे बोलायला भीती वाटते, घर सुटेल अशी धास्ती असते, ते मला माहीत आहे. म्हणून एकट्यानं नको, वरच्या तिन्ही किरायेदारांनी मिळून बोलायचं. बँकांनीही दोन वर्षांचा असा उतारा परतफेडीच्या सवयीचा पुरावा म्हणून धरावा, जिल्ह्याच्या अग्रणी बँकेनं तो विषय तिमाही बैठकीत घ्यावा.

आणि मालक कराराला नाहीच म्हणाला, तर कलम ५५ ची छापील प्रत त्याच्या हातात द्या. त्यातली तीन महिन्यांपर्यंतची कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंतचा दंड, किंवा दोन्ही, ही शिक्षा करार न नोंदवणाऱ्या घरमालकाला आहे. किरायेदाराला नाही.